दाताखाली कोरडा, तराजूत ओला

मका वाळला की नाही, हे आपण दाणा चावून ठरवतो. 'कट्' असा आवाज आला की पोती भरतो. परंतु दाताला जाणवणारा कोरडेपणा साठवणीस पुरेसा असतोच असे नाही. रसायनशास्त्राच्या तासाला मी विद्यार्थ्यांना हा फरक वजन करून दाखवतो.

कृती सोपी आहे. झाकणाच्या कोरड्या बशीचे वजन करून तीत भरडलेला मका 10 ग्रॅम घ्यावा. झाकण काढून बशी ओव्हनमध्ये 105 अंश सेल्सिअसला काही तास ठेवावी. मग झाकण लावून ती शुष्कपात्रात थंड करावी व पुन्हा तोलावी. शुष्कपात्र अशासाठी, की वाळलेली भरड उघड्यावर हवेतील बाष्प पुन्हा ओढून घेते आणि गरम बशीचे वजन बरोबर येत नाही. लागोपाठची दोन वजने सारखी येईपर्यंत हे करावे. 10 ग्रॅमचे 8.4 ग्रॅम उरले तर घट 1.6 ग्रॅम, म्हणजे ओलावा 16 टक्के.

"सर, एवढ्याशा पाण्याने काय बिघडते?" असा प्रश्न हमखास येतो. दीर्घ साठवणीच्या मक्यात ओलावा साधारण 13 टक्क्यांहून अधिक नसावा. ओल व ऊब मिळाली की 'अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस' ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. त्याचा घाला यकृतावर पडतो. 1974 मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल जिल्ह्यांत, अवकाळी पावसात भिजून बुरशी धरलेला मका लोकांच्या खाण्यात आला. कावीळ व जलोदर होऊन 106 माणसे दगावली. भाजल्याने वा उकडल्याने हे विष पूर्णपणे नष्ट होत नाही, हे गृहिणींनी विशेष ध्यानात ठेवावे.

घरी ओव्हन नसला तरी हरकत नाही. काचेच्या कोरड्या बाटलीत तिसरा हिस्सा मका व एक-दोन चमचे अगदी कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे. चिकटले नाही, तरी आणखी एक-दोन कडक उन्हे द्यावीत. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. बुरशी धरलेले दाणे धुऊन, निवडून वापरू नयेत आणि गुराढोरांनाही घालू नयेत.