पडलं कुठे आणि बिघडलं कुठे

पुणे, रविवार

चि. मुक्ता,



दादाचा फोन आला होता. फोन ठेवता ठेवता खरी गोष्ट सांगायची त्याची सवय तुला ठाऊक आहेच. तुझ्या ऑफिसमधला प्रोग्राम ग्राहकाकडे अधूनमधून कोसळत होता, तू तो दुरुस्त केलास, तिकीट बंद झालं, शाबासकीही मिळाली, आणि आता तोच प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळतो आहे. तू धड जेवत नाहीस, रात्र रात्र जागतेस आणि 'हे माझं कामच नव्हे' असं म्हणतेस. दुरुस्ती नेमकी काय केलीस ते दादाला सांगता येईना, पण मागून वहिनीने तुझं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं : 'पॉइंटर नल असेल तर तिथूनच परत फिरायचं, एवढी एक ओळ टाकली.' क्रॅश सगळ्यांचेच होतात, त्याचं मला काही नाही. त्या एका ओळीची मात्र धास्ती घेतली. आपल्या घराण्यात दुखणं अंगावर काढायची रीत आहे. डाव्या हातात कळ आली की हाताला बाम चोळायचा आणि कामाला लागायचं. अप्पांचं काय झालं ते तुला सांगायला नको. तेव्हा पत्राचा सूर जरा चढा लागला तर समजून घे.

माझं म्हणणं एकच आहे. मेमरीच्या चुकीने प्रोग्राम पडतो तेव्हा पडण्याची जागा ही चूक उघडकीला आल्याची जागा असते. चूक झालेली असते दुसरीकडे, बहुतेकदा बरीच आधी. हे यंत्राच्या रचनेतच आहे. प्रोग्राम मागेल तो पत्ता प्रोसेसर पानांच्या तक्त्याशी ताडून पाहतो, आणि नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी यंत्रावर हे पान ४,०९६ बाइटचं असतं. ते पान तुझ्या प्रोसेसच्या नावावर नसेल, किंवा नुसतं वाचायचं असताना तू तिथे लिहायला गेलीस, तर प्रोसेसर कर्नलला कळवतो आणि लिनक्स तुझ्या प्रोसेसला ११ क्रमांकाचा सिग्नल पाठवतो. आपण ज्याला सेगफॉल्ट म्हणतो तो हाच. आता यातली मेख बघ. परवानगी पानाला आहे, तुझ्या ॲरेला नाही. वीस घरांच्या ॲरेत एकविसाव्या घरी लिहिलंस तर ती जागा बहुधा तुझ्याच प्रोसेसमधल्या दुसऱ्या कुठल्यातरी गोष्टीची असते, आणि प्रोसेसरच्या लेखी त्यात काहीच गैर नसतं. शेजारचा पॉइंटर बिघडतो, प्रोग्राम चालत राहतो. कितीतरी वेळाने एखादं निर्दोष फंक्शन तो पॉइंटर उचलतं आणि तिथे कोसळतं. बॅकट्रेसमध्ये नाव त्या बिचाऱ्याचं येतं. कधी हीपच्या हिशेबाची माहितीच पुसली जाते, मग प्रोग्राम मॅलॉकमध्ये किंवा फ्रीमध्ये पडतो आणि लोक लायब्ररीला नावं ठेवतात. तुझा क्रॅश तिकीट बंद झाल्यावर जागा बदलून आला, यात मला नवल वाटलं नाही ते म्हणूनच. तू त्याची एक वाट बुजवलीस. तो निघतो कुठून, ते अजून पाहिलेलं नाहीस.

१९ जुलै २०२४चा शुक्रवार आठव. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा-प्रणालीसाठी आलेल्या एका अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. समाजमाध्यमांवर लगोलग निदान फिरू लागलं : नल पॉइंटर, कुणीतरी तपासणी टाकायला विसरलं. सोपं उत्तर होतं, हजारोंनी पुढे ढकललं. मायक्रोसॉफ्टने क्रॅश डंप उलगडून दाखवला तेव्हा कोसळलेल्या सूचनेच्या जरा वर नलची तपासणी व्यवस्थित बसलेली दिसली. पॉइंटर नल नव्हता, म्हणून तपासणीने त्याला पुढे सोडलं, आणि त्यातल्या निरर्थक पत्त्यावर वाचायला गेल्यावर यंत्र पडलं. तुझी ओळ तिथे आधीपासून होती, मुक्ता.

खरं कारण क्राउडस्ट्राइकच्या ६ ऑगस्टच्या अहवालात आलं. एका नव्या प्रकारच्या नियमासाठी २१ रकाने ठरवले होते. त्यांना मूल्यं पुरवणारा कोड २०च पुरवत होता. ही विसंगती फेब्रुवारीत बाहेर पडलेल्या आवृत्तीतच होती. मार्च-एप्रिलमध्ये जे नियम गेले त्यांत एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण होती, त्यामुळे त्या रकान्याचं मूल्य वाचायची वेळच आली नाही. जुलैत तिथे पहिल्यांदा खरी अट आली, कोड विसाच्या पुढच्या घरात शिरला आणि तिथे जे सापडलं ते पत्ता म्हणून वापरून बसला. फाइल तपासून सोडणाऱ्या प्रोग्रामनेही २१ मूल्यं मिळणार असंच गृहीत धरलं होतं. म्हणजे चूक फेब्रुवारीची, पडझड जुलैची, आणि मधले सगळे महिने चाचण्या हिरव्या. कोसळलेल्या सूचनेकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं असतं तरी वीस आणि एकवीस यांतला हा फरक तिथे दिसला नसता.

तू म्हणशील, माझा पॉइंटर खरोखरच नल होता. असेल. मग तो नल का होता, याचं उत्तर तुझ्याकडे आहे का? त्या जागी नल येणं रास्त असेल, म्हणजे यादी रिकामी असू शकते किंवा ग्राहकाने तो रकाना भरलाच नसेल, तर तुझी तपासणी हीच खरी दुरुस्ती आणि मी माझा राग गिळते. पण तिथे नल कधी येताच कामा नये असं असेल, तर तुझ्या ओळीने प्रोग्रामला बिघडलेल्या अवस्थेत पुढे चालायला लावलं आहे. शिवाय डीबगरने पत्ता शून्य दाखवला म्हणजे पॉइंटर नल होता, असंही धरू नकोस. ६४-बिट इंटेल यंत्रावर पत्ता वैध साच्यातच बसत नसेल तर प्रोसेसर निराळा अपवाद उठवतो, आणि लिनक्स अशा वेळी सिग्नलसोबत पत्ता शून्यच कळवतो. खरा कचरा रजिस्टरमध्ये पडलेला असतो. तू रजिस्टर पाहिलीस का? तिथले आकडे बोलतात. शून्याच्या जवळचा छोटा आकडा म्हणजे नल वस्तूच्या आतला एखादा सदस्य. ओळीने ४१ ४१ ४१ दिसलं तर पॉइंटरवर कुठलातरी मजकूर, इंग्रजी 'ए'ची रांग, सांडलेला आहे. मायक्रोसॉफ्टच्या डीबग बांधणीत सीडी सीडी म्हणजे हीपमधली कधी भरलीच नाही अशी जागा, डीडी डीडी म्हणजे परत केलेली. पत्ता स्टॅकच्या टोकाला असेल तर कुणीतरी स्वतःलाच बोलावत सुटलं आहे. यातलं काहीही न बघता टाकलेली ओळ हा अंदाज असतो, निदान नव्हे.

आणि कोसळणं हे मेमरीच्या चुकीचं सगळ्यात वाईट रूप नाही. गप्प राहणं त्याहून वाईट. ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक मार्च २०१२च्या आवृत्तीत आली आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाली. हद्दीबाहेरचं वाचन तिथेही होतं, पण वाचलेली पानं बहुधा त्याच प्रोसेसची, त्यामुळे सर्व्हर काही पडायचा नाही. दर मागणीला ६४ केबीपर्यंत मेमरी परक्याच्या हाती ठेवून कामाला लागायचा. डेबियनची गोष्ट तर तुझ्या गोष्टीच्या आणखी जवळची. व्हॅलग्राइंड हे तपासणीचं साधन न भरलेल्या मेमरीबद्दल कुरकुरत होतं, म्हणून २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या डेबियन आवृत्तीतून दोन ओळी काढल्या गेल्या. कुरकुर थांबली. पण त्यांतली एक ओळ यादृच्छिक संख्यांना लागणारं बीज आत घेणारी होती. मे २००८ मध्ये हे उघड होईपर्यंत तिथे बनलेल्या गुप्त किल्ल्यांमध्ये बदलता घटक उरला होता तो प्रोसेसच्या क्रमांकाचा, म्हणजे फार तर ३२,७६८ शक्यता. कुणी आळस केला नव्हता. तक्रार बंद करणं आणि तक्रारीचं कारण शोधणं ही दोन कामं तिथे एकच समजली गेली. माझी धास्ती हीच आहे, आणि पुन्हा पुन्हा तिथेच येते आहे हे मलाही कळतंय.

आता तुझे बाकीचे आक्षेप, जे वहिनीमार्फत पोचले. ग्राहक खोळंबलाय, कारण शोधायला वेळ कुठे? आधी त्याचं काम सुरू कर, यात दुमत नाही. क्राउडस्ट्राइकनेही ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली आणि कारण नंतर शोधलं. पण तात्पुरत्या उपायावर 'तात्पुरता' असं लिही आणि तिकीट उघडं ठेव. आपल्याकडे क्रॅश होतच नाही, हा दुसरा. मग ग्राहकाकडून कोअर डंप मागव. तो तयार होतो की नाही तेवढं आधी बघ, कारण पुष्कळ ठिकाणी त्याची मर्यादा शून्यावर ठेवलेली असते. आणि तुझ्याकडची बांधणी ॲड्रेस सॅनिटायझर लावून चालव. प्रोग्राम साधारण दुप्पट हळू चालेल, पण परत केलेली जागा कुणी वापरली तर वापर कुठे झाला, जागा कुठे घेतली, कुठे सोडली, हे तिन्ही तो सांगतो. व्हॅलग्राइंडला पुन्हा बांधणी लागत नाही, मात्र दहा ते तीस पट वेळ लागतो. बिघडणारा पत्ता दर वेळी तोच असेल तर त्यावर वॉचपॉइंट लाव आणि लिहिणारा हात पकड. तिसरा आक्षेप, रॅमच खराब असेल. असू शकते, पण मग एकाच यंत्रावर, एकमेकांशी संबंध नसलेल्या जागी क्रॅश दिसायला हवेत. चार ग्राहकांच्या चार यंत्रांवर एकच बॅकट्रेस येत असेल तर रॅमला दोष देऊ नये. चौथा, रस्टमध्ये लिहिलं असतं तर? एकविसाव्या घराला हात घालताच प्रोग्राम तिथेच, चुकीच्या जागीच थांबला असता, आणि हा फायदा मोठा आहे. पण विसाच्या जागी एकवीस का मागितले, हे त्या भाषेलाही माणसालाच विचारावं लागतं.

इतकं बोलून झाल्यावर वाटतं, जरा जास्तच बोलले. त्या ओळीला शाबासकी देणाऱ्या वरिष्ठांनी तुला 'का' हा प्रश्न विचारायला हवा होता. त्यांनी तो विचारला नाही, हे सगळं ओझं तुझ्या एकटीच्या डोक्यावर कशाला? तुझ्या वयात मला क्रॅशपेक्षा 'हे कुणी लिहिलंय?' या प्रश्नाचीच भीती जास्त वाटायची, आणि त्या भीतीपायी जाणत्या माणसांना विचारायचं राहून गेलं, याची चुटपुट अजून जात नाही. तू विचार. 'मला कारण सापडलेलं नाही' हे वाक्य तिकिटावर लिहायला लाजू नकोस. आपल्या धंद्यातलं ते सगळ्यात प्रामाणिक वाक्य आहे. दोष परत आला म्हणून तू या कामाची नाहीस, हे मात्र साफ चूक. तो परत आल्यावर तुझी झोप उडाली, म्हणजे अंगावर काढायची आपली रीत तुझ्यात पुरती उतरलेली नाही. मला तर हे ऐकून बरंच वाटलं.

पण झोप उडालेल्या डोळ्यांना हेक्सचे आकडे दिसत नाहीत, तेव्हा आधी जेव आणि नीट झोप. कोअर फाइल कुठे पळून जात नाही. नोकरी सोडायचीच असेल तर सोड, त्याला माझी ना नाही. फक्त या एका क्रॅशला घाबरून नको. येत्या शनिवारी घरी ये, बॅकट्रेस घेऊन बसू आणि वाटलं तर सगळा दिवस त्यातच घालवू. बॅकट्रेस आणायची परवानगी नसेल तर तशीच ये. कामाबद्दल एक अक्षर बोलली नाहीस तरी चालेल. तू आलीस म्हणजे पुष्कळ झालं.

तुझी,
आत्या