उपवासकाळ आणि संतचरित्र

ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ कॅथलिक परंपरेत प्रार्थना, उपवास व दानधर्म यांसाठी असतो. संतचरित्राचे वाचन या प्रार्थनेस खोली देते. कुंभकोणमजवळच्या सुंदरपेरुमाळ कोयिलचा परिसर वैष्णव भक्तीचा. त्याच प्रदेशात, कोळ्ळिडम नदीपलीकडील एलाकुरिची येथे इटालियन जेसुइट बेस्की ऊर्फ वीरमामुनिवर यांचे वास्तव्य होते. १७२६ मध्ये त्यांनी पूर्ण केलेल्या ‘तेंबावणी’ या तमिळ महाकाव्यात ३६१५ पद्ये असून त्याचा नायक संत योसेफ आहे. शुभवर्तमानांत मात्र योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. तो ऐकतो, उठतो आणि आज्ञा पाळतो. म्हणून वाचकाने पृष्ठे मोजू नयेत. एकच प्रसंग वाचून पुस्तक मिटावे व आपल्याला कोणती आज्ञा पाळावयाची आहे, याचे मौनात चिंतन करावे.