काचमण्यांवर उज्जयिनीचे पट्टे

इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तान्तात उज्जयिनीहून भडोच बंदरात अकीकवर्गीय दगड जात असल्याचा उल्लेख आढळतो. उज्जैन येथील १९५५-५८ च्या उत्खननात दगडी मणी घडविण्याचे अवशेषही मिळाले. अकीकाचे नैसर्गिक पट्टे हातघडणीच्या काचमण्यांवर उतरविणे, ही आजच्या कारागिरांस नवी शैली ठरू शकेल.

प्रथम लोखंडी सळईवर चिनी मातीचा लेप देऊन तो सुकवावा. नंतर ज्योतीत मऊ केलेली तपकिरी काच सळई फिरवीत तीवर गुंडाळावी. मणी गोल झाल्यावर पांढऱ्या काचेचा बारीक धागा लपेटून तो अंगाशी समतल होईपर्यंत तापवावा. दोन्ही काचा उष्णतेने सारख्याच प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या असाव्यात; अन्यथा निवताना सांध्यावर चीर पडते. सोडा-चुना काचेचा मणी सुमारे ५०० ते ५५० अंश सेल्सियसला काही वेळ ठेवून भट्टीतच सावकाश निववावा. घाईने निवविलेला मणी आज निर्दोष दिसला, तरी पुढे गिऱ्हाइकाच्या गळ्यात तडकू शकतो आणि कारागिराची पत घालवितो.

त्याच पतीसाठी हा मणी अकीकाचा म्हणून नव्हे, तर काचेचाच म्हणून विकावा.