यादी कोणी करावी?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७



गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आपल्या भागाला २० जागा मिळाल्या. यादी माझ्याकडे होती. रविवारी उपासना संपली तशी मी ओट्यावरच वही उघडली आणि अर्ध्या तासात २० नावे भरली. कोणाला डावलायचे मनात नव्हते. बुधवारी डोंगरावरच्या पाड्यातून एक आजी नातवाचा हात धरून आली. दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हते. यादीतल्या निदान पाच जणांना तिच्याहून पुष्कळ बरे दिसत होते. मी "पुढच्या वेळी" म्हटले. "बरं दादा," म्हणून ती परत फिरली.

यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होई. लूक कोणावर लबाडीचा आरोप करत नाही. जवळची माणसे आधी आठवतात, एवढेच असेल. प्रेषितांनी कुरकुर दडपली नाही. सात जण निवडले गेले, आणि सातही नावे ग्रीक आहेत! म्हणजे वाटप बहुधा तक्रार करणाऱ्यांच्याच हाती दिले.

१९६२ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल शहरात डायलिसिसची यंत्रे मोजकीच होती. यंत्र कोणाला द्यायचे हे ठरवायला नागरिकांची समिती नेमली. तीतही सातच जण, एक पाळकही. वय, मुलेबाळे, उत्पन्न, शिक्षण पाहिले जाई, चर्चमधला सहभागसुद्धा. समिती आपल्यासारख्यांनाच निवडते, अशी टीका झाली. १९७२ मध्ये कायदा होऊन बहुतेक रुग्णांच्या डायलिसिसचा भार सरकारने उचलला. हे वाचताना मला माझी वही आठवली. तिच्यातही चर्चचा रकाना होता, फक्त आखलेला नव्हता.

यंदा पाच जण यादी करतात. तिघे वरच्या पाड्यांतले, त्यांतले दोघे ख्रिस्ती नाहीत. दोन्ही डोळे गेलेल्यांना आधी जागा. सारखी गरज असेल तिथे चिठ्ठ्या. (चिठ्ठ्यांना कोणी जुगार म्हणू नये, मत्थियाची निवड तशीच झाली, कृत्ये १:२६.) गलती ६:१० दाखवून एका वडीलधाऱ्यांनी विचारले, विश्वासी घराण्याचे काय? प्रश्न खरा आहे. पण त्याच वचनात आधी 'सर्वांचे' आहे, आणि विश्वासातल्या भावाला मी माझ्या ताटातले देऊ शकतो, दुसऱ्याची जागा नाही.

आजीचे नाव यंदा पहिले लागले. एका डोळ्यात मोतीबिंदू फार पिकून दाब वाढला होता. तो डोळा गेला. दुसऱ्याची शस्त्रक्रिया झाली आहे.