गाडी कुठे आहे ते कळतं, माल कुठे आहे?

चाकणच्या एका कारखान्यात मी डिस्पॅच सांभाळतो. वाहतुकीचं सॉफ्टवेअर आमच्याकडे आलं तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं होतं. गाडीची मागणी, ट्रान्सपोर्टरचे दर, बिल्टी, ई-वे बिल, पोच, भाड्याचं बिल, सगळं एकाच ठिकाणी. आजही मी म्हणेन, ते हवंच. वह्या आणि फोनवर एवढ्या गाड्यांचा हिशेब राहत नाही. पण घेताना काय विचारायचं, हे आम्हाला एका गाडीने शिकवलं.

माल होसूरला चालला होता. अंतर सुमारे ९०० किलोमीटर. २०० किलोमीटरला एक दिवस, या हिशेबाने ई-वे बिलाची मुदत ५ दिवस. बेळगाव सोडल्यावर गाडीचा गिअरबॉक्स गेला. ट्रान्सपोर्टरने रातोरात दुसरी गाडी उभी केली, माल तिच्यात भरला आणि पुढे काढला. त्याने आपलं काम चोख केलं. मात्र ई-वे बिलाच्या ‘भाग ब’मध्ये जुन्याच गाडीचा नंबर राहिला. ट्रिप ‘रवाना’ झाली की नंबर बदलायला मुख्य कार्यालयाची मंजुरी लागेल, अशी रचना सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांनी करून ठेवली होती, आणि मध्यरात्री मंजुरी द्यायला तिथे कुणीच नव्हतं. चित्रदुर्गच्या अलीकडे तपासणीत गाडी अडली. नंबरातले एक-दोन आकडे चुकले असते तर हजार रुपयांच्या दंडावर भागलं असतं. इथे गाडीच वेगळी, म्हणून जीएसटी कायद्याचं कलम १२९, म्हणजे कराच्या दुप्पट दंड.

मला दंडापेक्षा नकाशाने जास्त हादरवलं. आमचं ट्रॅकिंग ड्रायव्हरच्या मोबाइलच्या सिमवर चालायचं. ड्रायव्हर बिचारा बिघडलेल्या गाडीपाशी मेकॅनिकची वाट पाहत थांबलेला. त्यामुळे माल चित्रदुर्गजवळ अडकलेला असताना आमचा पडदा त्याला बेळगावजवळ दाखवत होता, आणि होसूरचा ग्राहक तेच पाहून आपली लाइन कधी चालवायची ते ठरवत होता. सॉफ्टवेअर मालाचा माग घेत नाही, एका फोनचा किंवा गाडीवरच्या जीपीएसचा घेतो. गाडी बदलली की हा धागा तुटतो, आणि तो पुन्हा जोडण्याची सोय डेमोमध्ये कुणी दाखवत नाही. तुम्ही मागून घ्या. विक्रेत्याला समोर बसवून सांगा, ‘वाटेत गाडी बंद पडली असं धरा, आता माल दुसऱ्या गाडीत टाकून दाखवा.’

ई-वे बिलाच्या ‘भाग अ’मध्ये ट्रान्सपोर्टरचा आयडी भरलाच पाहिजे. तो भरलेला असला की ट्रान्सपोर्टरचं ऑफिसही नवा नंबर टाकू शकतं, तुमच्या मंजुरीसाठी माल रस्त्यात खोळंबत नाही. सरकारी पोर्टलवर थेट जायची वाटही मोकळी ठेवा. तिथे आता ओटीपी लागतो, तेव्हा तो कुणाच्या मोबाइलवर येतो आणि तो माणूस रात्री फोन उचलतो का, हे आधी पाहा. ई-वे बिलाला मुदतवाढ ही मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच मिळते. गाडी घाटात अडकली असेल तर हे तास भुर्रकन जातात.

ड्रायव्हरशी बोला, हे मी कळकळीने सांगतो. सिमच्या ट्रॅकिंगला त्याची संमती लागते. संमतीसाठी येणारा मेसेज कशाचा आहे हे त्याला कुणी समजावत नाही, मग तो संमती देत नाही आणि आपण त्याला आडमुठा ठरवतो. त्याच्या भाषेत दोन मिनिटं बोललं की काम होतं.

दरांचा लिलाव हा सगळ्यांचा लाडका भाग. सर्वात कमी भाडं सांगेल त्याला गाडी. मात्र कमी दर टाकून ऐनवेळी गाडी न लावणारेही असतात, आणि उरलेले चांगले लोक हळूहळू बोली लावणंच सोडतात. म्हणून गाडी वेळेवर लागली की नाही याची नोंद दराच्या शेजारी दिसली पाहिजे. हॉल्टिंगचंही तसंच. ग्राहकाच्या गेटवर गाडी दोन दिवस उभी राहिली तर पैसे कोण देणार हा रकानाच नसेल, तर ते भांडण पुन्हा फोनवरच येतं.

चाचणी एकाच मार्गावर घ्या, पण त्यात गणपती येऊ द्या. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते. लोटे-महाडकडे जाणाऱ्या मालाचा प्रवासकाळ सॉफ्टवेअर तेव्हाही नेहमीसारखाच दाखवत असेल, तर बंदीच्या तारखा त्यात कोण भरणार हे कागदावर ठरवा.

पोच मोबाइलवर आली तरी शिक्का आणि शेरा वाचता येतील असा फोटो असू द्या. माल फुटला, हरवला तर ट्रान्सपोर्टरला लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत जावी लागते, आणि तेव्हा तुमच्या हातात हा फोटोच असतो. करार संपल्यावर हे फोटो आणि जुन्या ट्रिपांच्या नोंदी तुम्हाला कोणत्या स्वरूपात परत मिळतील, हे कलम सही करण्याआधी घालून घ्या. नंतर त्यासाठी वेगळे पैसे मागितले जातात.