अवयव न शोधता मूळ संख्येची ओळख

एकाहून मोठ्या ज्या संख्येस १ व ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. ३१ ही मूळ आहे हे ठरविण्यास २, ३ व ५ यांनी भागून पाहिले की पुरते. परंतु २ च्या १२७ व्या घातातून १ वजा केला असता पुढील ३९ अंकी संख्या येते:

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

दर सेकंदास दहा लाख विषम संख्यांनी हिला भागून पाहणारे यंत्र योजिले, तरी हिच्या वर्गमूळापर्यंत पोहोचण्यास त्याला दोन लाखांहून अधिक वर्षे लागतील. असे असूनही ही संख्या मूळ आहे हे एद्वार ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ साली, संगणक अस्तित्वात नसताना, दाखविले.

या जातीच्या संख्यांस मेर्सेन संख्या म्हणतात. घातांक मूळ असल्यावाचून अशी संख्या मूळ होत नाही. मात्र तेवढ्याने भागत नाही, कारण घातांक ११ घेतल्यास २,०४७ म्हणजे २३ × ८९ मिळते. मारँ मेर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती साधूने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या योग्य घातांकांची यादी दिली. तीत १२७ बरोबर होता; ६७ व २५७ चुकीचे होते, आणि ६१, ८९ व १०७ राहून गेले होते. त्या काळची साधने पाहता या चुकांचे नवल वाटू नये.

ल्यूकाच्या पद्धतीला डी. एच. लेमर याने १९३० मध्ये सुटसुटीत रूप दिले. ४ पासून आरंभ करावा. वर्ग करून २ वजा करावेत, आलेल्या संख्येस परीक्ष्य संख्येने भागावे व बाकी तेवढी पुढे न्यावी. घातांकाहून दोन कमी इतक्या वेळा ही क्रिया केल्यावर बाकी शून्य उरली, तरच संख्या मूळ. ३१ साठी घातांक ५, म्हणून क्रिया तीन: प्रथम १४, मग १९४, म्हणजे बाकी ८, मग ६४ वजा २, म्हणजे ६२. त्यास ३१ ने निःशेष भाग जातो. २,०४७ साठी नऊ क्रियांनंतर १,७३६ बाकी उरते. घातांक १२७ असता क्रिया लागतात फक्त १२५.

संख्या संयुक्त निघाली, तर तिचे अवयव मात्र ही कसोटी सांगत नाही. घरात चोर आहे हे कळावे, पण कोणत्या खोलीत ते कळू नये, तसाच हा प्रकार. घातांक ६७ ची संख्या संयुक्त असल्याचे ल्यूकाने १८७६ मध्येच दाखविले होते. परंतु १९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७ हे तिचे अवयव अमेरिकन गणितज्ञ एफ. एन. कोल याने जाहीर केले ते १९०३ साली.

ल्यूकाची ३९ अंकी संख्या १९५१ पर्यंत ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी होती. १९५२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने घातांक ५२१ ची संख्या मूळ ठरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मेर्सेन मूळ संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ असून तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. तिची अंतिम पडताळणीही ४ पासून आरंभ होणाऱ्या याच कसोटीने झाली.