वनराईचे उपासक : मोहन धारिया

कोकणात पाऊस उदंड पडतो. बाळकुमच्या खाडीकाठापासून महाडच्या डोंगरांपर्यंत आषाढ-श्रावणात ओढेनाले दुथडी भरून वाहतात; परंतु हे पाणी पाहता पाहता समुद्रास मिळते आणि वैशाखात कित्येक डोंगरी गावांतील स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठी दूरवर पायपीट करावी लागते. हे दुःख दूर करण्यासाठी झटणारे मोहन धारिया महाडजवळील नाते या गावी १४ फेब्रुवारी १९२५ रोजी जन्मले.

विद्यार्थिदशेतच त्यांनी १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीत उडी घेतली. पुढे ते वकील झाले. १९७१ साली पुण्याहून लोकसभेवर निवडून आले व केंद्रात राज्यमंत्री झाले.

लवकरच त्यांच्या सत्त्वपरीक्षेची वेळ आली. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाने देश ढवळून निघाला होता. सरकारने जयप्रकाशांशी बोलणी करावीत, असे धारियांनी मंत्री असूनही निर्भयपणे सांगितले. परिणामी मार्च १९७५ मध्ये त्यांचे मंत्रिपद गेले; आणीबाणीत कारावासही घडला. तरी त्यांनी आपला शब्द फिरविला नाही. १९७७ साली पुणेकरांनी त्यांना पुन्हा निवडून दिले आणि ते देशाचे वाणिज्यमंत्री झाले.

सत्ता सुटल्यावर पुष्कळजण विसावा घेतात. धारियांनी मात्र ‘वनराई’ ही संस्था स्थापन केली. उजाड माळांवर झाडे लावावीत, माती अडवावी, पाणी जिरवावे, हे त्यांनी खेडोपाडी शिकविले. ‘वनराई बंधारा’ तर महाराष्ट्रभर परिचित झाला. सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने भरावयाची, त्यांची तोंडे शिवावयाची आणि पावसाळा सरताच ओढ्यात ती एकावर एक आडवी रचावयाची, एवढीच त्याची कृती! अडलेले पाणी जमिनीत मुरते; जवळच्या विहिरींना, गुरांना व रब्बीच्या पिकांना त्याचा आधार होतो. हा बंधारा कायमचा नव्हे. पुढील पावसाळ्यानंतर गावाने पुन्हा एकत्र येऊन तो बांधावयाचा असतो. श्रमदानाची सवय गावाला अशीच लागते.

२००५ साली त्यांना ‘पद्मविभूषण’ हा सन्मान लाभला. १४ ऑक्टोबर २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. मुलांनो, मंत्रिपदे त्यांना लाभली आणि गेलीही. पण पावसाळा सरल्यावर गावकरी पोती भरू लागतात, तेव्हा त्यांची आठवण होते.

स्वाध्याय

१. धारियांचे मंत्रिपद का गेले?
२. वनराई बंधारा कसा बांधतात?
३. तुमच्या गावातील पावसाचे पाणी कोठे जाते, ते पाहून पाच वाक्ये लिहा.